मातीने धरलेले विष

मार्च २०२५ मध्ये पॅरिसच्या प्रशासकीय अपील न्यायालयाने एक निकाल दिला. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप आणि मार्टिनिक ही दोन बेटे फ्रान्सचा भाग आहेत. तिथले रहिवासी शासनाविरुद्ध न्यायालयात गेले होते. केळीच्या बागांत वापरलेल्या क्लोरडेकोन या कीटकनाशकाला परवानगी देताना शासनाच्या हातून चुका झाल्या, हे न्यायालयाने मान्य केले. या विषाच्या सान्निध्यात राहिल्यामुळे सततची धास्ती सोसावी लागल्याचे जे दाखवू शकतील त्यांना भरपाई द्यावी, असेही सांगितले. सुमारे तेराशे अर्जदारांपैकी अगदी मोजक्यांच्या पदरात ती पडली. त्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये, याच प्रकरणातील फौजदारी चौकशी कोणावरही खटला न भरता बंद करण्यात आली होती. प्रकरण फार जुने आहे, गुन्हा सिद्ध करणे कठीण आहे, असे कारण देण्यात आले.

प्रकरण जुने आहे हे खरेच. या बेटांवर क्लोरडेकोनचा वापर १९७२ साली सुरू झाला. केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंडकिड्यासाठी शेतमजूर ही भुकटी झाडाच्या बुंध्याशी टाकत. मूळ फ्रान्समध्ये १९९० साली बंदी आली, बेटांवर मात्र खास सवलतीने १९९३ पर्यंत वापर चालू राहिला. दोन दशकांत सुमारे ३०० टन विष जमिनीत गेले. पुढे वीस वर्षांनी, २०१३-१४ मध्ये तिथल्या प्रौढांचे रक्त तपासले, तेव्हा दहापैकी नऊहून अधिक जणांच्या रक्तात क्लोरडेकोन सापडले. ज्यांनी ती भुकटी कधी पाहिलीही नाही, त्यांच्याही.

मग हे विष इतकी वर्षे होते कुठे? ते मातीत होते, आणि मातीतल्या एका विशिष्ट पदार्थाने ते धरून ठेवले होते. हा पदार्थ आपल्याही शेतात आणि पावसाळ्यात आपल्या पिण्याच्या पाण्यात असतो. तो आपला राखणदार आहे. पण त्याची राखण कशावर अवलंबून असते, हे समजून घेतले नाही तर तोच विष वाहून आणतो.

काळ्या पदार्थाची पकड

पालापाचोळा, मुळे, शेण, मेलेले कीटक हे सगळे मातीत कुजते. जीवाणू आणि बुरशी त्यातले सहज पचणारे घटक संपवतात. मागे उरतो तो काळपट, भुसभुशीत, दीर्घकाळ टिकणारा अंश. त्याला ह्युमस म्हणतात. शेतकी भाषेत याचीच मोजणी ‘सेंद्रिय कर्ब’ या नावाने होते. जंगलातील ओढ्याचे पाणी कधी कधी कोऱ्या चहासारखे दिसते, तो रंगही याच पदार्थाच्या विरघळलेल्या भागाचा असतो.

हा पदार्थ प्रदूषके दोन प्रकारे धरतो. त्याच्या रेणूंवर ऋणभार असलेली असंख्य टोके असतात. शिसे, तांबे, कॅडमियम यांचे धनभारित कण तिथे अडकतात. पाऱ्याची पकड तर आणखी घट्ट असते, कारण सेंद्रिय पदार्थातील गंधकाशी पाऱ्याचे विशेष जुळते. दुसरी पकड तेलकट रसायनांची. डीडीटीसारखी जुनी कीटकनाशके पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. तुपाचा हात नुसत्या पाण्याने धुतला जात नाही, तसेच हे. अशी रसायने पाण्यात राहण्याऐवजी ह्युमसमध्ये शिरून बसतात. डीडीटीची सेंद्रिय कर्बाकडील ओढ पाण्याच्या तुलनेत लाखपटीहून अधिक आहे.

सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरला यात नवल वाटत नाही. विषबाधेचा रुग्ण वेळेत, शक्यतो पहिल्या तासाभरात आला आणि शुद्धीवर असला, तर काही विषांसाठी आम्ही त्याला कोळशाची विशेष प्रक्रिया केलेली भुकटी पाण्यात कालवून देतो. ती विष नष्ट करत नाही. आतड्यात ते धरून ठेवते आणि रक्तात जाऊ देत नाही. मात्र ही भुकटी सगळ्या विषांवर चालत नाही. दारू, लोह, लिथियम यांना ती नीट धरत नाही. मातीचेही तसेच आहे. खतांतून येणारे नायट्रेट ऋणभारित असते, त्यामुळे ह्युमस त्याला धरत नाही आणि ते सरळ विहिरीच्या पाण्यात उतरते. म्हणून ‘माती सगळे गाळून घेते’ हा समज अर्धाच खरा आहे.

एकूण किती आणि मोकळे किती

आकडीच्या आजारावर फेनिटॉइन नावाचे जुने औषध आहे. रक्तात गेल्यावर त्यातले सुमारे ९० टक्के औषध अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते. काम करतो तो उरलेला मोकळा दहा टक्के भाग. कुपोषण, यकृताचा विकार किंवा मूत्रपिंडातून प्रथिने जाण्याचा आजार असला, की अल्ब्युमिन घटते. अशा रुग्णाच्या रक्ततपासणीत औषधाची एकूण पातळी योग्य दिसते, पण रुग्ण मात्र झोकांड्या खात चालतो, त्याचे डोळे लकलकतात, जीभ जड होते. अहवाल चुकीचा नसतो. त्याने एकूण औषध मोजलेले असते. त्रास होतो तो मोकळ्या भागाने, कारण त्याला धरून ठेवणारे प्रथिनच कमी झालेले असते.

जमिनीतील सेंद्रिय पदार्थ हे मातीचे अल्ब्युमिन समजा. मार्टिनिक आणि ग्वादलूपमध्ये नेमके हेच दिसले. माँ पेले आणि सूफ्रिएर या ज्वालामुखींच्या उतारांवर तरुण ज्वालामुखीय माती आहे. तिच्यात सेंद्रिय कर्ब भरपूर आणि चिकणमातीही विशेष सच्छिद्र. या मातीत क्लोरडेकोनचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले, पण तिथल्या पिकांत आणि झिरपणाऱ्या पाण्यात ते त्या मानाने कमी उतरले. कमी कर्बाच्या जुन्या, झिजलेल्या लाल मातीत विष कमी होते, पण पिकाला ते अधिक सहज मिळत होते. एकूण आकडा पाहून जमीन सुरक्षित की असुरक्षित हे ठरवले असते, तर निष्कर्ष उलटा निघाला असता.

पिकांतही फरक पडला. केळी, टोमॅटो, झाडावरची फळे यांत विष फारसे चढले नाही. मातीत वाढणारी रताळी, कोनफळासारखे कंद, अळकुड्या यांत ते उतरले. गरिबाच्या परसातले अन्न हेच असते. अंगणात कोंबड्या पाळल्या तर त्या माती टिपतात आणि विष अंड्यात येते. म्हणून तिथे परसबागांची माती मोफत तपासून, कोणत्या जमिनीत काय लावावे याचा सल्ला देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. दूषित मातीत कंपोस्ट मिसळून केलेल्या प्रयोगांत पिकात जाणारे क्लोरडेकोन घटल्याचेही दिसले. विष होते तितकेच राहिले, पण त्याचा मोकळा भाग कमी झाला.

धरलेल्या विषाची दुसरी बाजू अशी, की ते लवकर संपत नाही. घट्ट धरलेल्या रेणूपर्यंत जीवाणूंनाही पोहोचता येत नाही. २००९ मधील एका अभ्यासाने ज्वालामुखीय मातीतून क्लोरडेकोन धुऊन जायला काही शतके लागतील असा अंदाज मांडला. नंतरच्या संशोधकांनी हा काळ बराच कमी असावा असे म्हटले आहे. कोणताही अंदाज खरा ठरला, तरी आज आजोबा असलेल्या माणसाने टाकलेल्या भुकटीचा हिशेब नातवापर्यंत चालणार, हे निश्चित.

राखणदार जागा सोडतो तेव्हा

जोवर ह्युमस शेतात आहे तोवर तो पहारेकरी असतो. पावसाने माती वाहून नेली की पहारेकरीही जातो आणि ज्याला त्याने धरले होते तेही त्याच्यासोबत जाते. बेटांच्या किनाऱ्यालगतच्या गाळाचे थर तपासणाऱ्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक विचित्र गोष्ट नोंदवली. क्लोरडेकोनचा वापर १९९३ ला थांबला होता, पण समुद्रात येणारे त्याचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढत गेले होते. त्यांनी याचा संबंध ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वाढत्या वापराशी जोडला. तण मेले, जमीन उघडी पडली, धूप वाढली आणि मातीत पुरलेले विष पुन्हा वाहू लागले. बेटांभोवतीच्या काही किनारी पट्ट्यांत मासे आणि शेवंड पकडण्यावर बंदी घालावी लागली. चूक केळीच्या बागेत झाली आणि शिक्षा कोळ्यांना मिळाली.

याच विषाची आणखी एक, अधिक जुनी गोष्ट अमेरिकेतली आहे. व्हर्जिनिया राज्यातील होपवेल येथे क्लोरडेकोन तयार होत असे, तिथे त्याचे नाव केपोन. १९७५ साली कारखान्यातील कामगारांचे हात थरथरू लागले, डोळे अस्थिर झाले, वजने उतरली. एका स्थानिक डॉक्टरने हा कंप नुसता ‘मनाचा’ न मानता रुग्णाचे रक्त अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राकडे पाठवले आणि प्रकरण उघडे पडले. कारखाना बंद झाला. शेजारच्या जेम्स नदीत मासेमारीवर बंदी आली, ती पूर्णपणे उठायला १९८८ उजाडले. नदीच्या गाळातले विष उपसून काढण्याचा खर्च अवाढव्य होता. शेवटी नवा गाळ जुन्या गाळावर बसू देणे, हाच मार्ग उरला.

त्या कामगारांवरचा उपचारही धरून ठेवण्याच्याच तत्त्वावर होता. क्लोरडेकोन यकृतातून पित्तावाटे आतड्यात येते आणि तिथून पुन्हा रक्तात शोषले जाते. कोलेस्टेरॉलसाठी वापरले जाणारे कोलेस्टिरामाइन हे औषध दिल्यावर ते आतड्यातच बांधले गेले आणि शौचावाटे बाहेर पडू लागले. रक्तातील विष निम्मे व्हायला सुमारे १६५ दिवस लागत, ते ८० दिवसांवर आले. शरीरात बांधलेले विष बाहेर टाकण्याची सोय आहे. जमिनीला ती नाही. जमिनीत बांधलेले विष तिथेच राहते, म्हणून ते बांधणारा पदार्थ जपावा लागतो.

आपल्या हंड्यात काय घडते

ही बेटे फार दूर आहेत. पण सेंद्रिय पदार्थ जमीन सोडून पाण्यात उतरण्याची घटना आपल्याकडे दर पावसाळ्यात घडते. पहिल्या जोराच्या पावसानंतर नदी, तलाव, उघडी विहीर गढूळ होते. त्या पाण्यात चिकणमाती असते, जंतू असतात आणि कुजलेल्या पाल्याचा विरघळलेला अंश असतो. आणि पाठोपाठ आमच्या वॉर्डात गॅस्ट्रोचे रुग्ण येऊ लागतात. “पाण्यात टीसीएल टाकली होती”, असे गावातले कर्मचारी सांगतात. बहुतेक वेळा ते खरेच सांगत असतात.

अडचण अशी की क्लोरीन जंतूंवर जाण्याआधी या सेंद्रिय पदार्थावर खर्च होते. वैद्यकीय अभ्यासक्रमात याला ‘क्लोरीनची मागणी’ म्हणतात आणि ती मोजायला हॉरॉक्सची चाचणी शिकवतात. पाण्याची ही मागणी भागवून, तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, हा नियम प्रत्येक डॉक्टरने पाठ केलेला असतो. मे महिन्यात जितकी पावडर पुरते तितकीच जुलैत टाकली तर शिल्लक काहीच उरत नाही. पावडर टाकल्याची नोंद वहीत असते, पण नळाशी ओटी टेस्ट केली तर पाण्याला पिवळा रंग येत नाही. आणि पावडर ओलसर खोलीत महिनोन्‌महिने पडून राहिली असेल, तर तिच्यातले क्लोरीन आधीच उडून गेलेले असते.

दुसरी अडचण १९७४ साली उजेडात आली. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक या रसायनतज्ज्ञाने दाखवले, की नदीतील नैसर्गिक सेंद्रिय पदार्थ आणि क्लोरीन यांच्या संयोगातून क्लोरोफॉर्म आणि त्याच्या जातीची संयुगे तयार होतात. दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेल्यास त्यांचा संबंध कर्करोगाशी, विशेषतः मूत्राशयाच्या कर्करोगाशी असू शकतो, असे काही अभ्यास सांगतात. अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांच्यावर मर्यादा घातली. भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही क्लोरोफॉर्मसाठी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

हे वाचून कोणी क्लोरीन बंद करायला निघाले, तर ते आगीतून फुफाट्यात पडणे होईल. जुलाबाने दोन दिवसांत कोरडे पडलेले मूल आम्ही पाहतो. क्लोरोफॉर्मचा संभाव्य धोका अनेक वर्षांचा आणि त्या तुलनेत फार लहान आहे. उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. उपाय क्लोरीन कमी करण्यात नाही. सेंद्रिय पदार्थ आधी काढून टाकण्यात आहे.

त्यासाठीचे साधन आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होते. तुरटीतील ॲल्युमिनियमचा धनभार चिकणमातीच्या आणि सेंद्रिय रेणूंच्या ऋणभाराला भेटतो, त्यांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. त्यांना चिकटलेले बरेच जंतू आणि काही धातूही त्यासोबत जातात. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातही मुळात हेच घडते. म्हणून पावसाळ्यात क्रम महत्त्वाचा. आधी तुरटीचा खडा पाण्यात दोन-चार वेळा फिरवायचा, पाणी निवळू द्यायचे, वरचे स्वच्छ पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यायचे आणि मग ते उकळायचे किंवा त्यात क्लोरीनचे द्रावण टाकून किमान अर्धा तास थांबायचे. गढूळ पाण्यात आधी क्लोरीन आणि मग तुरटी, हा उलटा क्रम औषध वाया घालवतो आणि नको ती संयुगेही वाढवतो. पण तुरटीने पाणी निवळले म्हणजे निर्जंतुक झाले, असेही नाही. निवळणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

दोन कागद एकत्र वाचायला हवेत

आता शेताकडे वळू. केंद्र सरकारने २०१५ पासून सुरू केलेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो. अर्धा टक्क्याच्या आत म्हणजे कमी. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील अनेक जमिनी याच वर्गात येतात. उष्ण हवेत कर्ब लवकर जळतो हे खरे, पण ऊस तुटल्यावर पाचट पेटवणे, कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर जाळणे, शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घालणे यांतूनही तो शेतात परतत नाही. गोवऱ्यांमागे गरिबी असते, पाचट पेटवण्यामागे मजुरीचा खर्च. केवळ उपदेशाने यातले काही थांबणार नाही.

पण या रकान्याकडे आपण फक्त ‘खत किती टाकायचे’ या नजरेने पाहतो. कीटकनाशकांचा भरपूर वापर असलेल्या किंवा औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या भागात तो आरोग्याचा आकडा आहे. कमी कर्बाची जमीन म्हणजे अल्ब्युमिन घटलेला रुग्ण. तिच्यात पडलेला तोच डोस अधिक बाधतो. कृषी विभागाकडे मातीचा कागद आहे आणि आरोग्य विभागाकडे पाण्याचा. गावाला मिळणारे हिरवे, पिवळे, लाल कार्ड पाणी पुरवणारी यंत्रणा किती सुरक्षित हे सांगते, मातीची पत्रिका जमीन किती धरू शकते हे सांगते. तालुका पातळीवर हे दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून वाचले, तर पाण्याची कीटकनाशकांसाठी आणि नायट्रेटसाठी तपासणी आधी कोणत्या गावात करायची, हे ठरवणे सोपे जाईल.

कर्ब वाढवण्याच्या घाईत एक सावधगिरीही हवी. जो पदार्थ विष धरतो तो विष बरोबर घेऊनही येऊ शकतो. शहरातील मिश्र कचऱ्यापासून केलेल्या खतात बॅटऱ्या, रंग, यंत्रभागांतले धातू उतरतात. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिशाची मर्यादा १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ मिलिग्रॅम आहे. पोत्यासोबत तपासणीचा अहवाल मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. ओला कचरा घरातच वेगळा ठेवणे हे शहरात राहणाऱ्यांचे काम आहे. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात ही शिस्त पाळली, तर तिचा फायदा कुणाच्या तरी शेतातल्या मेथीच्या जुडीपर्यंत पोहोचतो.

फ्रान्समधला निकाल धास्तीच्या भरपाईबद्दल होता. विष मातीत आहे, ते काढता येत नाही आणि आपल्या रक्तात किती आहे याची चिंता जन्मभर करायची, या अवस्थेची किंमत न्यायालयाने मोजकी का होईना, पण मान्य केली. परवानगी देणाऱ्यांनी १९७२ मध्ये सोंडकिड्याचा विचार केला होता. माती हे विष किती काळ धरून ठेवील, या प्रश्नाला त्यांनी महत्त्व दिले नाही. आपल्याकडे नवे कीटकनाशक बाजारात येताना किंवा नवा कारखाना नदीकाठी उभा राहताना, ‘हे किती मारते’ या प्रश्नासोबत ‘हे आमच्या मातीत किती वर्षे राहील’ हा प्रश्नही ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. तो विचारायला डॉक्टर असण्याची गरज नाही.